मोठ्या आज्याचा ढीग

"अरे थांब! थांब लेका! कोनाचं नाव घेतलं तू?"

बाबा ओरडले तेव्हा माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि तोंड पळसाच्या झाडाकडे. बाबांचा आवाज असा, की आटलेल्या तलावात गुडघाभर उरलेलं पाणी पाळीला, म्हणजे बांधाला, येऊन थडकलं, चिखलात दडून बसलेल्या दोन मरळी शरण आल्यासारख्या आपणहून वर आल्या, आणि तिकडे मार्कंड्याच्या देवळापाशी नदीत आंघोळ करणाऱ्या कुण्या भल्या माणसानं दचकून दोन डुबक्या जास्त मारल्या. मी वाढवून सांगतो असं गावात म्हणतात. मरळ एकच होती, हे कबूल.

"पुन्हा सांग! कोनाचं?"

पुन्हा सांगायची गरज नव्हती. पाळीवर बसलेल्या सतराही घरच्या माणसांनी ऐकलं होतं. माझ्या तोंडून मोठ्या आज्याचं नाव गेलं होतं. तेच नाव, जे यंदा घेऊ नकोस म्हणून मला पाच दिवसांपूर्वी हात धरून सांगितलं होतं, आणि जे घेणार नाही म्हणून मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ खाल्ली होती.

आमची रीत सांगितल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही, म्हणून ती आधी सांगतो. आम्ही तलावावर आणि नदीवर जगणारी माणसं. उन्हाळ्यात तलाव तळाला गेला, की अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सारी घरं एकदम पाण्यात उतरतात. जाळं ज्याचं त्याचं, मासोळी मात्र साऱ्यांची. ती पाळीवर ओततात आणि तिचे सारखे ढीग लावतात. सारखे म्हणजे म्हणायला सारखे. एखाद्या ढिगावर मरळ राजासारखी बसते, एखाद्यावर नुसते झिंगे उड्या मारतात. भांडण नको, म्हणून एकानं ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एका ढिगावर काठी टेकवून विचारायचं, "हा कोनाचा?" आणि पाठमोऱ्यानं न बघता कुठल्याही एका घरच्या कर्त्याचं नाव पुकारायचं. पुकारलं की तो ढीग त्याचा. नाव मागे घेता येत नाही. पुकारणाऱ्यानं आपलं घर सगळ्यात शेवटी घ्यायचं.

काठी बाबांची आणि हाक माझी. माझी नोकरी गडचिरोलीला आहे, पण गळा गावच्या मालकीचा, म्हणून दर उन्हाळ्यात मी आठवडाभर सुटी टाकून येतो.

आणखी एक. मेलेल्याचं नाव पुकारत नाहीत. कर्ता गेला की त्याच्या मुलाचं नाव लागतं, आणि मुलगा नसेल तर ढीग बंद. मेलेल्याला दुसऱ्या दिवशी, अक्षय तृतीयेला, घरी पान वाढतात. ज्याचा ढीग लागतो त्याचं पान लागत नाही, आणि ज्याचं पान लागलं त्याचा ढीग लागत नाही.

मोठा आजा म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात तो बर्मात गेला आणि परत आला नाही. त्याचा ढीग मात्र ऐंशी वर्षं लागत आला होता.

तो कसा गेला, ते आमच्या घरात अकरा प्रकारांनी सांगतात. त्यातले नऊ माझे आहेत. आजोबांनी सांगितलेला एवढाच, की तो सुकी मासोळी विकायला गोंडपिपरीच्या बाजारात गेला होता. तिथं लढाईसाठी माणसं गोळा करणारा एक जण उभा होता. त्यानं विचारलं, पोहता कुणाला येतं, डोंगा कुणाला चालवता येतो? आमच्या माणसाला हे विचारणं म्हणजे श्वास कुणाला घेता येतो असं विचारणं. मोठ्या आज्यानं हात वर केला. वर केलेला हात खाली घ्यायला त्याला लाज वाटली असावी. महिन्याभरात तो चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, रेल्वेत बसला. बायको पोटुशी होती.

त्याचं एकच कार्ड आलं, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं. आजोबांनी ते छपराच्या वाशात खोचून ठेवलं, तिथं छप्पर गळून गळून ते धुऊन निघालं. मी पाहिलं तेव्हा एवढंच वाचता येत होतं: नदी मोठी आहे. मासोळी आपलीच आहे.

लढाई संपली. राजुऱ्याकडचा एक माणूस परत आला. त्यानं सांगितलं, पाऊस होता, रात्रीची नदी ओलांडत होतो, अलीकडे तो होता, पलीकडे दिसला नाही. बस. पण पोहणारा माणूस नदीत बुडतो, ही गोष्ट मान्य करायला आमच्या गावानं साफ नकार दिला. त्या उन्हाळ्यात आजोबा ढिगांकडे पाठ करून उभे राहिले आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी थोरल्या भावाचं नाव पुकारलं. कुणी हरकत घेतली नाही. ढीग त्याच्या बायकोनं उचलला. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची पोर होती. ती पोर म्हणजे माझी आत्याबाई, बाबांची चुलत बहीण, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी.

मोठी आजी, म्हणजे त्याची बायको, मरेपर्यंत कुंकू लावत होती. मार्कंड्याच्या जत्रेला गेली की देवाकडे कमी आणि घाटावरच्या पुरुषांच्या पाठींकडे जास्त बघायची. तोंड बदलतं, पाठ बदलत नाही, असं तिचं म्हणणं. दर वर्षी एखादी पाठ तिला पटायची. ती पुढून जाऊन बघायची, आणि चुरमुरे घेऊन घरी यायची.

आजोबांनंतर हाक माझ्याकडे आली, आणि हाकेसोबत मोठा आजाही आला. मी त्याला मोकळा कसा सोडणार? मी त्याला बर्माच्या नदीत मगरीच्या पाठीवर बसवला. जपानी फलटणीवर त्याच्याकडून जाळं फेकवलं, बारा जण बंदुकांसकट अडकले, आणि आज्यानं त्यातले लहान निवडून परत पाण्यात सोडले, कारण लहान मासोळी घरी न्यायची नाही ही आमची शिस्त. लोक हसायचे. आत्याबाई सगळ्यात जास्त हसायची, आणि मग म्हणायची, "हं, मंग? मंग कुठी गेला तो?"

त्या "मंग"साठी मी एक गोष्ट केली. तिच्यात मगर नाही, जपानी नाही. ती मी पहिल्यांदा दुपारच्या उन्हात, तिच्या ओसरीवर, डोळे अर्धे मिटलेले असताना सांगितली, आणि ती कुठून आली मला माहीत नाही.

नदीतून निघाल्यावर मोठा आजा चालायला लागला. बर्मातही सागाचं जंगल, आपल्या आलापल्लीसारखंच. तसंच उंच, पान तेवढंच मोठं, वाळून पडलं की तसाच आवाज. एका सागाखालून दुसऱ्या सागाखाली असा तो चालत राहिला. संध्याकाळी धूर दिसला की त्याला वाटायचं, आलं आपलं गाव. जवळ जावं तर गाव दुसरंच, पण तळं असायचं, तळ्याच्या काठी जाळं वाळत असायचं. तो जाळ्याची गाठ हातात घेऊन बघायचा. गाठ वेगळी. म्हणजे अजून पुढे. तो वाट चुकलेला नाही. त्याला प्रत्येक जंगल आपलंच वाटतं, म्हणून त्याला घाई नाही. डोंगर उतरतो, सागाचं पान डोक्यावर धरून पाऊस काढतो, पुन्हा चालतो. पायांतले बूट केव्हाच गेले. मोहाचा वास आला की थांबतो, नाक वर करतो. असा तो अजून येतच आहे. आता तर फार लांबही नसेल. पहाटे सागाच्या जंगलात वारा नसताना एखादंच पान वाजतं ना, ते त्याच्या पायाखालचं.

ही गोष्ट मी दर उन्हाळ्यात सांगायचो. दर वर्षी त्याला एक डोंगर पुढे आणायचो. आत्याबाई पाय लांब करून बसायची, बांगड्या मागे सारायची आणि ऐकता ऐकता तिचाही डोळा लागायचा. आम्ही दोघं आणि तो चालणारा, असे तिघंही झोपेत असल्यासारखे.

यंदा मी सुटीवर आलो, तर तिनं निरोप धाडून बोलावलं. ती आता ऐंशीच्या पुढे. हातात काठी, कानानं कमी, पण डोकं सुरीसारखं.

"बाबू, यंदा माह्या बापाचं नाव पुकारू नोको."

"काऊन, आत्याबाई?"

"मले त्याले पान वाढाचं हाय."

मी हसलो. "अवो, पान मेलेल्याले वाढतात. तो तं चालून राह्यला."

"तूच सांगतं ना ऐंशी वर्सापासून चालून राह्यला म्हनून. मले सांग, जेवला कुठी?"

माझ्यासारख्या माणसाला उत्तर नाही असं होत नाही. मी लगेच म्हटलं, "बर्माच्या राजाच्या पोरीनं भात वाढला त्याले."

"म्हंजे दुसरी बायको केली त्यानं?"

"नाई नाई, नुसता भात."

"नुसत्या भातावर चांद्यापर्यंतबी कोनी चालत नाई." तिनं काठी आडवी ठेवली. मग जे बोलली, ते मी न वाढवता लिहितो. "तुह्या आज्याले मालूम होतं. पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. पन तो मेला म्हनलं असतं तं माह्या मायचा ढीग बंद झाला असता. ती जाळं टाकू शके नाई, मी कडेवर. म्हनून त्यानं त्याले जित्ता ठेवला. साऱ्या गावानं ठेवला. माह्यं लगन झालं, मी विधवा झाली, तरी तो ढीग आला माह्या दारी. त्याच्या नावानं मायनं खाल्लं, मी खाल्लं, माह्या लेकीनं खाल्लं. त्यानं एक घास खाल्ला नाई. मी वर जाईन तं तो इचारन ना, कावो पोरी, माह्या नावचं कोनी खाल्लं?"

मी तिची काठी घेऊन जमिनीवर रेघा ओढायला लागलो.

"अजून एखादी अक्षय तीज मिळन मले, नाई मिळन," ती म्हणाली. "माह्या हातानं वाढाचं हाय. तू नाव घेऊ नोको, म्हंजे झालं."

मी गळ्याला चिमटा घेतला आणि शपथ खाल्ली.

मग बाबांना सांगायला गेलो. बाबा जाळं दुरुस्त करत होते. ऐकलं आणि असे ओरडले की शेजाऱ्याची म्हैस दोन दिवस दूध द्यायची थांबली. "माह्या बापानं मरताना काय सांगतलं? जोवर तो येत नाई, तोवर थोरल्याचा ढीग लागला पाह्यजे! बाई आज म्हनते पान, उद्या म्हनन काय? आनि तो आलाच तं?" मी म्हटलं, बाबा, आला तर एकशे पाच वर्षांचा असेल. "मंग? म्हातारा मानूस येत नाई का?" असं म्हणून त्यांनी जाळ्याची गाठ दातानं आवळली. बाबांच्या दातात गाठ असली म्हणजे बोलणं संपलं.

तर असा मी पाठमोरा उभा होतो. ऊन वर आलं होतं. पळसाला नवी पानं होती, तांबूस, ओली दिसणारी. मागे चिखलाचा, मासोळीचा वास, आणि बाबांची काठी. हा कोनाचा? मी नाव घ्यायचो. हा कोनाचा? पुन्हा नाव. ही नावं मी दर वर्षी मागेपुढे करून घेतो, पण चाल तीच, आजोबांची. चालीत डोकं लागत नाही. पळसाच्या पानांतून ऊन हलत होतं आणि मला त्या उजेडात कुणीतरी चालताना दिसत होतं, सागाखालून सागाखाली, माझ्याच गोष्टीतला, आणि मी त्याला बघत होतो. बाबांनी विचारलं, "हा कोनाचा?" आणि माझ्या जिभेनं त्याचं नाव सांगून टाकलं.

मग बाबा ओरडले.

मला वाटलं, सवयीनं ओरडले. त्यांना हवं होतं तेच तर झालं होतं. मला आत्याबाईचं वाईट वाटत होतं. वळून बघायची मला मुभा नव्हती. मी म्हटलं, "गेलं तोंडातून. आता काय करू?"

"काय करशीन! पुकारलं ते पुकारलं! हो पुढं!"

पुढे झालो. एक एक घर आलं. शेवटी आमचं घर राहिलं, आणि मी काठीच्या आवाजाची वाट बघत थांबलो. काठी वाजली नाही. बराच वेळ वाजली नाही. मागे सगळं गाव इतकं शांत, की झिंग्यांच्या उड्या ऐकू येत होत्या.

"बाबा, आपला राह्यला."

"ढीग सरले," बाबा म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलेला बाबांचा हा सगळ्यात हळू आवाज.

मी वळलो. सतरा ढीग होते. दर वर्षी अठरा असतात, सतरा घरं आणि मोठा आजा. बाबांनी, ज्यांनी म्हशीचं दूध थांबवलं होतं त्या बाबांनी, पहाटे आपल्या हातानं एक ढीग कमी लावला होता. कुणाला न सांगता. बहिणीला नाही म्हणवलं नव्हतं त्यांच्यानं. आणि मी तो कमी केलेला ढीग आमच्याच घरातून काढून मोठ्या आज्याला दिला होता.

आत्याबाई पाळीवर बाभळीखाली बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती टोपली न घेता आली होती. ती उठली, काठी टेकत मोठ्या आज्याच्या ढिगापाशी आली आणि वाकून बघू लागली. वर चांगली हातभर मरळ होती, अजून कल्ले हलवत. मी खाली बघत होतो. वाटलं, आता ही मला बोलणार, आणि ते मी आयुष्यभर वाढवूनही कुणाला सांगू शकणार नाही.

"भाऊ," ती बाबांना म्हणाली, "हे त्याचंच ना?"

"त्याचंच, बाई. पुकारलं ना ह्या गाढवानं."

"मंग मी त्याचं त्यालेच वाढीन."

"ढीगबी आनि पानबी? असं कुठी असते का, बाई?"

"ढीग लागला, पन खाल्ला कोनी? मी. आता तो खाईन. एक डाव त्याचं त्याले जाऊ दे, मंग मले काय बोलाचं ते बोल."

बाबा सगळ्यांकडे बघायला लागले, कुणी तरी हरकत घेईल म्हणून. ऐंशी वर्षांपूर्वी घेतली नव्हती, तशी आजही कुणी घेतली नाही. मग बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, खाली अंथरला आणि मासोळी त्यात भरू लागले. मरळ शेवटी ठेवली, बाळ झोपवावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंच आत्याबाईच्या अंगणात होतो. नवं मडकं पाण्यानं भरून ठेवलेलं. पळसाची पत्रावळ. तिनं आपल्या हातानं वाढलं: भात, मरळीचं कालवण, कैरीचं पन्हं. भात इतका वाढला की पत्रावळ दिसेना. बाबा म्हणाले, बाई, एका मानसाचं वाढ. ती म्हणाली, लांबून येऊन राह्यला.

आम्ही बाजूला सावलीत सरकलो. ऊन असं होतं की अंगण पाण्यासारखं हलत होतं. मोहाचा वास कुठूनसा येत होता, की मला वाटत होता. बाबांची मान पडली. माझेही डोळे मिटायला लागले, आणि मला तलावाच्या वाळत्या चिखलात पावलं दिसली, अनवाणी, एकामागे एक, आमच्या पाळीकडे येणारी. पाळीवर जाळं वाळत होतं. कुणीतरी वाकून त्याची गाठ हातात घेऊन बघत होतं. त्याचं तोंड मला दिसलं नाही. पाठ दिसली. मी मोठ्या आजीला हाक मारणार होतो.

जाग आली तेव्हा पत्रावळीवर कावळा होता. लोक मला विचारतात, कसा होता? मी त्याला बर्माचा करू शकलो असतो, पायात फाटका बूट घालू शकलो असतो. पण आत्याबाई तिथं जागी बसून होती, तिनं सगळं पाहिलं आहे, म्हणून खोटं बोलता येत नाही. साधा कावळा होता. त्यानं आधी मरळ खाल्ली, मग भात विस्कटला, मग मडक्याच्या काठावर बसून पाणी प्यायला आणि जंगलाच्या बाजूला उडून गेला. आत्याबाई बराच वेळ त्या बाजूला बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि हंडी खरवडायला लागली.

मी जवळ गेलो. म्हटलं, "आत्याबाई, पुढल्या साली त्याचं नाव पुकारू का नोको?"

तिनं मान वर केली नाही.

"जेवला तो," ती म्हणाली. "भांडं आन. तुह्या घरी मासोळी नाई."